इतवारीची मोजणी

कोहकाटोल्याचा रस्ता कोणाचा, हे शोधता शोधता हेमराज मडावीचं दीड वर्ष गेलं. रस्ता काय कुठं लपून बसला होता? गावाच्या छातीवरून जातो, सात किलोमीटर, मूल गावाकडं जाणाऱ्या मोठ्या सडकेपासून निघतो आणि जंगल पार करून पलीकडच्या सडकेला लागतो. पण मालक विचारला की जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. ग्रामपंचायत म्हणाली, रस्ता आमचा नाही, जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणाली, रस्ता आमचा, डांबर आमचं, खड्डेही आमचेच म्हणा. पण त्याच्यावरून कोणी जावं न् कोणी जाऊ नये हे ठरवणारे आम्ही कोण? पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, बंदी असली तर आम्ही गाड्या अडवू, पण बंदी घालायची असते कलेक्टर साहेबांनी. कलेक्टर ऑफिसातला बाबू म्हणाला, साहेब आदेश काढतील हो, पण त्याला जिल्हा परिषदेचा अहवाल लागतो. झालं! हेमराज घाण्याच्या बैलासारखा फिरून पुन्हा त्याच दारात.

एवढी चप्पल का झिजवली त्यानं? ट्रकांपायी. पहाडातला लाल दगड भरून घुग्घुसकडं जाणारे ट्रक खरं तर मोठ्या सडकेनं जायचे. पण तिकडं वजनकाटा, तपासणी नाका, वरून चौदा किलोमीटरचा फेरा. कोण्या शहाण्या ड्रायव्हरला कोहकाटोल्याची आडवाट सापडली, त्यानं ती दुसऱ्याला सांगितली, आणि सहा महिन्यांत बैलबंडीच्या रस्त्यावरून सोळा चाकांची धुडं धावायला लागली. डांबर गेलं, मोऱ्या बसल्या, पोरींनी सायकली सोडल्या. मोहफुलाच्या दिवसांत तर बघवत नसे. पहाटे झाडाखाली पडलेली पिवळी, रसाळ फुलं तासाभरात लाल धुळीनं माखायची, आणि धुवायला घेतली की सडायची.

आणि सोमारी गेली तीही याच रस्त्यावर. सोमारी म्हणजे हेमराजची आई. तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, त्यात कोणी नाव ठेवू नये. पण परत जाताना नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, एक ट्रक फसलेला, आणि त्याच्या मागंपुढं पन्नासेक ट्रक रांगेत. त्या रांगेत ॲम्ब्युलन्स दोन तास उभी राहिली. शेवटी तिच्या ड्रायव्हरनं वरचा दिवा बंद केला आणि खाली उतरून एका झाडाखाली जाऊन बसला.

हेमराज ग्रामसभेचा अध्यक्ष झाला तो त्यानंतर. नशीब असं की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात स्वाती नावाची नवी इंजिनियर आली. दीड वर्षात त्याला बसा म्हणणारी ती पहिली.

"भाऊ, बंदीचा प्रस्ताव मी पाठवते," ती म्हणाली. "पण नुसतं फार ट्रक येतात म्हणून चालत नाही, किती येतात ते लागतं. तीन दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दिवसाला दीडशेच्या वर निघाले तर प्रस्ताव अडत नाही. आमच्याकडं मोजायला माणूस नाही, गावानं मोजा. मी रोज संध्याकाळी येऊन लिहून घेईन. फक्त ग्रामसभेच्या ठरावात मोजणाऱ्याचं नाव टाकून आणा."

आता माणूस कुठून आणायचा? चैत्र लागत होता. मोहाची फुलं पडायला सुरुवात झाली की कोहकाटोल्यात घरी कोणी राहत नाही. म्हातारी, तान्ही, कुत्री, सगळी रानात. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, अंगणात ग्रामसभा बसली, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिले, आणि मग हेमराजलाच आठवण आली.

"इतवारी काकी हाय ना," तो म्हणाला. "काकी, तुहं घर तं रस्त्यालेच लागून हाय. तू दिवसभर तिथीच बसून राह्यतेस. मोजशील काय?"

इतवारी शेवटच्या रांगेत बसली होती. साठीची, किडकिडीत, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. सोमारीची ती जाऊ, हेमराजची काकी. तिचं घर गावापासून वेगळं, फर्लांगभर अलीकडं, रस्त्याच्या अगदी कडेला. सगळ्या सभेनं माना वळवून तिच्याकडं पाहिलं तेव्हा ती गडबडली. किती दिवसांनी गावाला तिची गरज पडली होती!

"मोजते ना," ती म्हणाली. "मले लिहता नाई येत, पण मोजते."

लिहायचं कशाला? तिनं तिची युक्ती काढली. घरात हिरडे होते, बेहडे होते, दोन्ही तिनंच रानातून वेचून आणलेले. भरलेला ट्रक गेला की टोपलीत एक हिरडा, रिकामा गेला की एक बेहडा. स्वाती मॅडमला ते एवढं आवडलं की तिनं मोबाइलवर टोपलीचा फोटो काढला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या ट्रकांना गाव शिव्या घालत होतं, त्याच ट्रकांवर इतवारीचे दिवस निघत होते. सोमारी होती तोवर ती रोज दुपारी यायची, दोघी जावा पानसुपारी खात बसायच्या. सोमारी गेली आणि ती वाटच बंद झाली. हेमराज सणासुदीला डोकावून जाई, त्याची बायको पुनम कधी भाजी पाठवी. बाकी कोण? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक शब्द तोंडातून निघत नसे. कधी कोंबडीला हाकलायला तोंड उघडलं तर स्वतःचाच घोगरा आवाज ऐकून इतवारी दचकायची.

आणि चैतू आला. कोरचीकडचा, तिशीतला ड्रायव्हर. दोन पावसाळ्यांमागं त्याच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तिच्या दारासमोर तुटला. मिस्त्री यायला दोन दिवस लागले. दोन दिवस तो तिच्या पडवीत राहिला, तिनं त्याला भात न् अंबाडीची भाजी घातली, त्यानं तिच्या छपराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरून दिली. त्यानंतर जाता-येता तो गाडी हळू करायचा, खिडकीतून मुंडकं काढायचा आणि ओरडायचा, "माय, जोहार!" हिवाळ्यात एकदा चालत्या गाडीतून एक चादर फेकून गेला, लाल फुलांची. मग त्यानं बाकीच्यांना सांगितलं असावं. सिरोंचाकडचा एक जण "अम्मा, बागुन्नावा?" म्हणून तेलुगूत खुशाली विचारायचा. एक सरदारजी नुसता हात जोडायचा. असे तेरा-चौदा जण झाले. एकेक जण दिवसातून तीन-तीन वेळा तिला हाक मारून जाई. हाक मारणारं माणूस असलं की बाई केस विंचरते, पदर नीट घेते; इतवारीही घ्यायला लागली होती.

तर मोजणीचा पहिला दिवस. सहा वाजता इतवारी दारात बसली, डाव्या बाजूला हिरडे, उजव्या बाजूला बेहडे, पुढं टोपली. ट्रक आला, हिरडा पडला. ट्रक आला, बेहडा पडला. काम सोपं. आठच्या सुमाराला निळी गाडी आली, हळू झाली.

"माय, जोहार!"

"जोहार, बाबू!" इतवारी म्हणाली, आणि हातातला हिरडा हातातच राहिला.

आपलं माणूस मोजत नाहीत. कोहकाटोल्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. गाई मोजाव्या, धान मोजावं, तेंदूपानाचे पुडके मोजावेत. घरात पोरं किती म्हणून कोणी विचारलं तर "हायेत देवाचे" म्हणावं आणि विषय बदलावा. बोट लावून मोजलं की ते माणूस घटतं. इतवारीनं ते एकदाच मोडलं होतं. पस्तीस वर्षांमागं मलेरियाची फवारणी करणारे आले होते. भिंतीवर गेरूनं माणसांचा आकडा लिहायचा होता. त्यातला एक जण हसरा होता, त्यानं विचारलं, "बाई, लेकरं किती?" आणि इतवारीनं हसतच दोन बोटं वर केली. बुधनी पाच वर्षांची, मंगरू अडीचचा. त्याच पावसाळ्यात दोघं तापानं गेली, एका आठवड्यात. भिंत सारवून आकडा पुसला तरी तिला तो दिसत राहिला. तिनं कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आपल्या दोन बोटांनी आपली दोन लेकरं नेली, हे ओझं बाईनं एकटीनं वाहिलं.

मग आता चैतूच्या नावानं हिरडा कसा टाकायचा? तिनं तो हळूच परत डाव्या ढिगात ठेवला. अम्मा म्हणणाऱ्याचाही ठेवला. सरदारजीचाही. तीन दिवस तिनं जे परके होते ते इमानदारीनं मोजले, एक चुकवला नाही, पाणी प्यायला उठली नाही. जे हाक मारून गेले त्यांना तिनं जोहार केला आणि सोडून दिलं. यात काही लबाडी आहे असं तिच्या मनातही आलं नाही. आपले सोडून मोजायचं, हेच तर मोजणं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वातीनं गोटुलाच्या अंगणात बेरीज केली. पेनचं टोक कपाळावर आपटत राहिली, पुन्हा केली.

"भाऊ, दिवसाला एकशे सोळा पडतात. याच्यावर प्रस्ताव जाणार नाही."

अंगणात एकच गलका झाला. एकशे सोळा? तेवढे तर दुपारपर्यंत जातात! म्हातारी झोपली असन. ऊन लागलं असन. नानाजी म्हणून एक तोंडाळ म्हातारा होता, तो काठी आपटून म्हणाला, "तिच्या आंगावरची चादर कोणं देली ते विचारा ना तिले! ट्रकवाल्यायनं देली. खाल्ल्या घरचे वासे कोण मोजन?"

इतवारीच्या तोंडाला आग लागल्यासारखं झालं.

"मी कोणाचं खाल्लं नाई, नानाजी," ती उठून उभी राहिली. "जे परके होते ते सप्पा मोजले. आपले तेवढे नाई मोजले."

"आपले म्हणजे?" हेमराजनं विचारलं.

"जे मले माय म्हणतात ते."

म्हाताऱ्या बायांना लगेच कळलं. एकीनं तोंडावर हात ठेवला. कळलं नाही ते फक्त स्वातीला. हेमराजनं तिला थोडक्यात सांगितलं, आमच्यात असं असते मॅडम, आपलं माणूस मोजत नाईत. आणि मग तो काकीकडं वळला. रागावला असता तर बरं होतं. त्याचा आवाज रडका झाला होता.

"ते आपले कवा झाले वं, काकी? माही माय दोन तास त्या रांगेत पडून होती. तिच्या पुढं गाड्या लावून उभे कोण होते? हेच ना? ते तुही जाऊ होती. ते आपली नोती काय?"

खरं सांगायचं तर इतवारीनं ते दोन कधी एकत्र जोडूनच पाहिलं नव्हतं. सोमारीला नेणारे ट्रक वेगळे होते आणि जोहार करणारे वेगळे, असंच ती धरून चालली होती.

स्वातीनं घड्याळ पाहिलं. "हे बघा, सोमवारी बैठक आहे. ही मोजणी सदोष म्हणून मी उद्या एक दिवस पुन्हा घेऊ शकते, तेवढं माझ्या हातात आहे. पण ठरावात नाव इतवारीबाईंचं आहे. दुसरं माणूस बसवायचं तर दुसरा ठराव, दुसरं पत्र, आणि मग फाइल पावसाळ्यानंतरच पुढं सरकेल."

सभा उठली. हेमराज काकीला सोडायला तिच्या घरापर्यंत आला. दारात थांबून म्हणाला, "नाई जमत असन तं सांग, काकी. जबरदस्ती नाई. पण पुनमले सातवा लागला हाय. तिचे दिवस जेठात भरते. त्या रपट्यावर पुन्हा कोणाची गाडी अडकन, मले सांगता येत नाई."

एका बाजूला पुनम आणि तिच्या पोटातलं. दुसऱ्या बाजूला चैतू, आणि ते तेरा-चौदा. मोजले तर त्यांचं वाईट होईल, आणि नाही झालं तरी रस्ता बंद होईल. दोन्हीकडून ते तिचे जाणार. इतवारीनं दाराची कडी काढली.

"बसते मी," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी पहिला ओळखीचा आला तो सिरोंचाचा. "अम्मा, बागुन्नावा?" इतवारीनं मान हलवली, डोळे मिटले आणि हिरडा टाकला. तो टोपलीच्या काठाला लागून बाहेर पडला, उचलून पुन्हा टाकावा लागला. सरदारजीचा टाकला. नऊ वाजता निळी गाडी आली.

"माय, जोहार! टोपली मांडून काय विकून राह्यली?"

"उतर खाली, बाबू. एक गोष्ट विचारा लागते."

चैतू गाडी चालू ठेवूनच उतरला. गमछ्यानं तोंड पुसत समोर उकिडवा बसला.

"दोन सालामागं रपट्यावर गाडी फसली होती. रांगेत ॲम्ब्युलन्स होती, तिच्यात माही जाऊ होती. तू होता काय त्या रांगेत?"

चैतूचं हसू गेलं. "होतो, माय," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याचं चांगलं. "पुढं वीस गाड्या, मागं तीस. भोंगा आयकू येत होता मले. पण कुठी सरकवू गाडी? दोनी बाजूले नाला."

"मंग दोन तास काय केलं तुवा?"

"काय करन? बसलो होतो. झोप लागली मले."

त्याचा दोष कुठं होता? कुठंच नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. तिकडं सोमारी श्वासासाठी तडफडत होती, इकडं हा झोपला होता, आणि दोघंही तिचेच.

"हे टोपली तुमच्यासाठीच हाय," ती म्हणाली. "गाव रस्ता बंद करून राह्यलं. किती गाड्या जातात ते मोजा लागते. तुले बी मोजा लागते, चैतू."

"मंग मोज ना!" चैतू खळखळून हसला. "त्यात काय एवढं? एकडाव काऊन, दोनडाव मोज! येताना येतोच मी."

"रस्ता बंद झाल्यावर?"

"तिकून जाऊ. ठेकेदार जिकून म्हणन तिकून जा लागते आपल्याले." तो उठला, तिच्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि गाडीत चढला. त्याच्याही आईनं त्याला कधी मोजलं नसेल. तोही त्याच रानातला. पण या म्हातारीच्या हातात मोजलं गेल्यानं आपलं काही बिघडेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ते इतवारीच्या ध्यानात राहिलं.

तिनं हिरडा टाकला. त्या दिवशी त्याच्या तीन खेपा झाल्या, तिन्ही मोजल्या. संध्याकाळी आकडा निघाला एकशे अठ्ठावन्न. स्वातीनं कागदावर इतवारीचा अंगठा घेतला, खाली स्वतःची सही केली. हेमराजनं काकीच्या खांद्यावर हात ठेवला. ती घरात गेली आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडली.

सरकारी काम म्हणून शिव्या घालायची आपली सवय, पण या वेळी आदेश महिन्याच्या आत आला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाट्या लागल्या: अवजड वाहनांस प्रवेश बंद. ॲम्ब्युलन्स, एसटी आणि शेतीच्या गाड्या सोडून. चार दिवस पोलीस उभे राहिले, दोन-तीन गाड्यांना दंड झाला, आणि ट्रक बंद. एकदम बंद. आठवड्यात साजाच्या झाडांच्या पानांवरची लाल धूळ वाऱ्यानं झडली. पोरींनी सायकली काढल्या. जेठात पुनमला कळा लागल्या तेव्हा ॲम्ब्युलन्स पाऊण तासात मूलला पोचली, पोरगी झाली. हेमराज ताटात गूळ-खोबरं घेऊन सगळ्यात आधी काकीकडं आला. "तुह्यामुळं, काकी," म्हणाला. नानाजीसुद्धा येता-जाता तिला राम राम घालायला लागला.

इतवारीला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? पोरगी मांडीवर घेतली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही. पण पोरगी पुनमकडं गेली, हेमराज कामाला गेला, आणि दारासमोर तो रस्ता, स्वच्छ, रिकामा. पहिले दोन दिवस ती सवयीनं पदर सावरून बसली. तिसऱ्या दिवशी उठून आत गेली. सकाळ जाईना, दुपार जाईना. सायकलवरच्या पोरी आपसात बोलत निघून जायच्या. एसटी दिवसातून दोनदा, ती तिच्या दारात थांबत नाही. एकटेपण तिला नवं नव्हतं. पण हाका ऐकायची सवय लागल्यावर आलेलं एकटेपण फार वाईट, ते अंगावर येतं.

आणि त्याच्यात भीती शिरली. चैतू बरा असेल ना? आधी तो दिसायचा म्हणजे आहे, एवढं कळायचं. आता कळायचं कसं? तिच्याकडं ना फोन, ना त्याचा नंबर. तिनं मोजलं होतं त्याला, एकदा सोडून तीनदा. मागच्या वेळी दोन बोटं वर केल्यावर किती दिवस लागले होते? अडीच महिने. ती आठवडे मोजायला लागली. एसटीच्या कंडक्टरला तिनं विचारलं, चैतू नावाचा ड्रायव्हर, कोरचीकडचा. कंडक्टर म्हणाला, "बाई, सडकेवर हजार ड्रायव्हर. कोणता चैतू सांगू?" ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं. मोठ्या सडकेवर एक ट्रक उलटला असं कोणीतरी गावात बोललं, त्या दिवशी तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती मोठ्या सडकेच्या फाट्यावर गेली. तिथं गुणवंतराव म्हणून एकाचा चहाचा ठेला होता. त्यानं बाकड्याची एक कड तिला दिली. समोरून ट्रक चालले होते, एकाच्या शेपटीला एक. एवढे ट्रक तिनं कधी एकदम पाहिले नव्हते. इथं कोणी हळू होत नव्हतं. दहाच्या सुमाराला अम्मा म्हणणारा गेला. तिनं हात वर केला, त्यानं समोरच पाहिलं. सरदारजी गेला. तीन-चार ओळखीचे गेले. उलटलेल्या ट्रकाचं गुणवंतरावला विचारलं तर तो म्हणाला, "ड्रायव्हर बचला म्हणतात. नाव नाई मालूम." बारा झाले, दोन झाले. तिला वाटायला लागलं की चैतू गेला हे आपल्याला आता कळूनच चुकलंय, उगाच बसलो आहोत.

साडेतीनला निळी गाडी आली. खिडकीची काच अर्धी खाली, आत चैतू. कानाला फोन, तोंडात तंबाखूचा खर्रा, कशावर तरी जोरात हसत होता.

"चैतू! बाबू! चैतू गा!" इतवारी बाकड्यावरून उठून सडकेपर्यंत धावली. गुणवंतरावनं तिचा दंड धरून मागं ओढलं नसतं तर गाडीखालीच गेली असती. चैतूनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी या सडकेवर, एवढ्या गर्दीत, पदर सुटलेल्या कोण्या म्हातारीला त्यानं ओळखलं असतं की नाही कोण जाणे. गाडी गेली. मागं धूळ राहिली, ती बसेपर्यंत इतवारी तिथंच उभी होती.

जिता होता. चांगला धडधाकट, आणि थोडा सुटलाही होता. तीनदा मोजला, बोट लावून मोजला, तरी जिता होता.

ती परत बाकड्यावर बसली. गुणवंतरावनं न मागता चहा दिला, तो हातात थंड झाला. मोजलं तरी चैतू मेला नाही. म्हणजे एक तर तो तिचा नव्हताच, कधीच नव्हता, वाटेवरच्या म्हातारीला माय म्हणणारा एक भला ड्रायव्हर, बस. नाहीतर मग मोजल्यानं माणूस मरतच नाही. पहिलं खरं धरलं तर जगात तिचं कोणी उरत नव्हतं. दुसरं खरं धरलं तर पस्तीस वर्षं ती जे वाहत आली, ते तिचं नव्हतंच. दोन्ही गोष्टी तिनं उलटून पालटून पाहिल्या. पहिली तर खरी होतीच, हे तिला आता, त्या हसणाऱ्या तोंडाकडं पाहून, कळलं होतं. दुसरीही खरी असेल का? ती पोटभर रडली. गुणवंतराव गिऱ्हाइकांकडं पाहत राहिला, तिच्याकडं नाही.

पाचच्या एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी जांभळांची टोपली घेतलेली एक बाई येऊन बसली, बोलकी, मूलच्या बाजारातून परतणारी. बस सुटायच्या आत तिनं आपल्या तीन सुनांची गाऱ्हाणी सांगून टाकली. मग ओंजळभर जांभळं इतवारीच्या पदरात घातली आणि विचारलं, "तुम्हाले लेकरं किती, बाई?"

इतवारी खिडकीबाहेर पाहत होती. तिनं मान वळवली.

"दोन," ती म्हणाली. "मोठी बुधनी. लहान मंगरू."

"अवं, छान! कुठी राह्यतात?"

"नाईत आता. लहान असतानीच गेले. तापानं गेले," इतवारी म्हणाली. आणि बाई चुकचुकत असताना, कोणी विचारलं नव्हतं तरी, पुन्हा एकदा म्हणाली, "तापानं गेले, बाई."